दोन टक्केवाऱ्यांमधील अंतर

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

टक्केवारी आपल्या बोलण्यात इतकी रुळली आहे की ती ऐकताना आपण फारसा विचार करीत नाही. परीक्षेचे निकाल असोत, निवडणुकीतील मतदान असो वा दोन जिल्ह्यांतील साक्षरता असो. दोन आकडे शेजारी ठेवायचे, मोठा कोणता ते पाहायचे आणि निष्कर्ष काढून मोकळे व्हायचे, अशी आपली रीत झाली आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्या महाविद्यालयातील कोणत्याही ५० विद्यार्थिनींना व ५० विद्यार्थ्यांना विचारले की, आठवड्यातून एकदा तरी आपण ग्रंथालयात जाता काय? ३० विद्यार्थिनींनी व २४ विद्यार्थ्यांनी होकार दिला. म्हणजे एकीकडे ६० टक्के व दुसरीकडे ४८ टक्के. वादविवाद स्पर्धेत एखादी वक्ती हे आकडे सांगून "वाचनात मुलीच पुढे!" असे ठणकावून म्हणाली, तर टाळ्या नक्कीच पडतील. परंतु त्याच महाविद्यालयातील दुसरे ५० आणि ५० जण विचारले असते, तर हेच आकडे आले असते काय? कदाचित ५४ आणि ५२ आले असते. कदाचित मुलगेच पुढे गेले असते. मग टाळ्या कोणासाठी वाजवायच्या?

अशा वेळी विचारावयाचा प्रश्न असा की, मुळात काहीच फरक नसताना केवळ निवडीच्या योगायोगाने एवढे अंतर पडू शकते काय? या प्रश्नाचे उत्तर देणारे संख्याशास्त्रातील प्रकरण म्हणजे 'दोन प्रमाणांच्या फरकाचे नमुना-वितरण'. आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना ते एक लांबलचक सूत्र म्हणून भेटते, परीक्षेपुरते पाठ होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत विसरले जाते. परंतु याच सूत्रावर एकदा लाखो मुलांचे भवितव्य अवलंबून होते. ती हकीकत समोर ठेवली तर सूत्रामागचा विचार मनात राहील, या अपेक्षेने हा लेख लिहिला आहे.

१९५४ चा प्रयोग

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत उन्हाळा आला की आईबापांच्या मनात धास्ती बसे. पोलिओची साथ उन्हाळ्यात येई. पोहण्याचे तलाव बंद होत, मुलांना गर्दीत जाऊ देत नसत. १९५२ साली तेथे पोलिओचे सुमारे ५८ हजार रुग्ण नोंदले गेले व त्यांपैकी तीन हजारांहून अधिक दगावले. जे वाचले त्यांतील अनेकांचे हातपाय कायमचे लुळे झाले.

अशा काळात डॉ. जोनास साल्क यांनी निष्क्रिय केलेल्या विषाणूंपासून एक लस तयार केली. प्रयोगशाळेत तिची लक्षणे चांगली दिसत होती. पण प्रत्यक्ष साथीत ती मुलांना वाचवील काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते. वरवर पाहता उपाय सोपा वाटतो: एका वर्षी सर्व मुलांना लस द्यावी आणि रोग कमी होतो का ते पाहावे. येथेच पहिली अडचण होती. पोलिओचे प्रमाण दर वर्षी आपणहून फार बदले. १९५२ मधील ५८ हजारांवरून १९५३ मध्ये रुग्णांची संख्या सुमारे ३५ हजारांवर आली, आणि तेव्हा लस सार्वत्रिक दिली जात नव्हती. १९५३ साली लस दिली असती, तर ही सारी घट लसीच्या खात्यावर जमा झाली असती!

म्हणून तुलना एकाच वर्षी, एकाच प्रदेशात, एकाच वयाच्या मुलांच्या दोन गटांत व्हावयास हवी होती. आईबापांनी संमती दिलेल्या मुलांतून, नाणे उडवावे तशा योगायोगाने, निम्म्यांना लस व निम्म्यांना दिसायला तसाच पण लस नसलेला द्रव टोचावयाचा, असे ठरले. कोणत्या मुलाला काय मिळाले हे मुलाला ठाऊक नव्हते, त्याच्या पालकांना ठाऊक नव्हते, आणि पुढे रोगाचे निदान करणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. कुप्यांवर फक्त सांकेतिक क्रमांक होते.

या योजनेवर तेव्हा जोराचे आक्षेप आले, आणि ते समजण्यासारखे आहेत. ज्या लसीने मूल वाचण्याची आशा आहे ती निम्म्या मुलांना मुद्दाम नाकारावयाची, हे कोणाच्याही मनाला सहज पटणारे नाही. म्हणून अनेक राज्यांत वेगळी पद्धत अनुसरण्यात आली: दुसरीच्या वर्गातील संमती मिळालेल्या मुलांना लस द्यावयाची, आणि पहिली व तिसरीच्या वर्गांतील मुलांवर नुसते लक्ष ठेवावयाचे. या दोन पद्धतींतील भेदाकडे आपण पुढे वळू. २६ एप्रिल १९५४ रोजी प्रयोगास प्रारंभ झाला. सर्व मिळून सुमारे १८ लाख मुले त्यात सहभागी होती. मूल्यमापनाची जबाबदारी मिशिगन विद्यापीठातील डॉ. थॉमस फ्रान्सिस यांच्याकडे होती, आणि त्यांनी १२ एप्रिल १९५५ रोजी निष्कर्ष जाहीर केले.

योगायोगाने गट पाडलेल्या भागांतील आकडे असे होते. लस दिलेली मुले २,००,७४५. त्यांत पोलिओचे निश्चित निदान झालेली ५७. नुसता द्रव टोचलेली मुले २,०१,२२९. त्यांत पोलिओ झालेली १४२. दर लाख मुलांमागे हे प्रमाण अनुक्रमे २८ व ७१ पडते.

आता एखादा चिकित्सक वाचक म्हणेल, "चार लाख मुलांत दोनशेच्या आत रुग्ण! ही मुले कोणत्या गटात जावीत हे तर नशिबानेच ठरले. लस पाण्यासारखी निरुपयोगी असती तरी ५७ एकीकडे व १४२ दुसरीकडे अशी वाटणी होऊ शकली नसती काय?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. सगळ्या प्रकरणाचा गाभाच हा आहे.

दोन मित्र आणि चार नाणी

उत्तरासाठी आपण चार लाखांवरून चारांवर येऊ. दोन मित्रांपैकी प्रत्येकाने दोन-दोन नाणी उडवावीत आणि आपल्या नाण्यांपैकी किती हिस्सा छापा पडला ते लिहावे. प्रत्येकाचे प्रमाण शून्य, अर्धे किंवा एक यांपैकी काहीतरी येईल. मग पहिल्याच्या प्रमाणातून दुसऱ्याचे प्रमाण वजा करावे.

चार नाण्यांचे एकूण १६ प्रकार होतात व ते सारखेच संभवनीय आहेत. ते मांडून पाहिले तर असे दिसते:

फरक −१ : १६ पैकी १ वेळा
फरक −१/२ : १६ पैकी ४ वेळा
फरक ० : १६ पैकी ६ वेळा
फरक +१/२ : १६ पैकी ४ वेळा
फरक +१ : १६ पैकी १ वेळा

वाचकांनी कागद घेऊन हे एकदा स्वतः मांडून पाहावे. या छोट्या कोष्टकालाच फरकाचे नमुना-वितरण म्हणतात. प्रत्यक्षात आपल्याला एकच नमुना व एकच फरक दिसतो. पण तोच प्रयोग पुनःपुन्हा केला असता कोणकोणते फरक, किती किती वेळा दिसले असते, याची ही संपूर्ण यादी आहे. संस्कृत व मराठीच्या विद्यार्थ्यांना १, ४, ६, ४, १ ही ओळ ओळखीची वाटेल. पिंगलाच्या छंदःशास्त्रावरील दहाव्या शतकातील टीकेत हलायुधाने सांगितलेल्या मेरुप्रस्तारातील ती ओळ आहे. चार अक्षरांत लघु-गुरू किती प्रकारे बसतात, याची मोजणी आणि चार नाण्यांची मोजणी एकच आहे.

या कोष्टकाकडे पुन्हा पाहावे. दोघांची नाणी अगदी सारखी आहेत, मुळात कसलाच फरक नाही. तरीही १६ पैकी १० वेळा काहीतरी फरक दिसतो! तेव्हा नुसता फरक दिसणे ही बातमीच नव्हे. तो किती मोठा आहे आणि तेवढा फरक या यादीत किती दुर्मीळ आहे, हे पाहावयाचे असते.

या यादीविषयी तीन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत.

पहिली: तिचे मध्यमान शून्य आहे, म्हणजे मूळ प्रमाणांतील खऱ्या फरकाइतकेच. एकेका प्रयोगात चूक होते, पण ती एकाच बाजूला झुकत नाही.

दुसरी: तिचा फैलाव मोजता येतो. या फैलावाला वर्गात आपण स्टँडर्ड एरर म्हणतो. पाठ्यपुस्तकांत त्यास 'प्रमाण त्रुटी' असेही म्हटलेले आढळते. परंतु हिश्शालाही 'प्रमाण'च म्हणावयाचे असल्याने घोटाळा नको म्हणून येथे 'मानक त्रुटी' हा शब्द वापरतो. पहिल्या समष्टीतील, म्हणजे ज्या संपूर्ण समूहाविषयी बोलावयाचे त्यातील, प्रमाण प व नमुन्याचा आकार म. दुसऱ्या समष्टीतील प्रमाण फ व नमुन्याचा आकार न असेल, तर

मानक त्रुटी = √[ प(१ − प)/म + फ(१ − फ)/न ]

नाण्यांच्या बाबतीत प्रत्येक पद १/२ × १/२ ÷ २ म्हणजे १/८. दोहोंची बेरीज १/४ आणि वर्गमूळ १/२. वरील कोष्टकावरून थेट मोजले तरी हेच उत्तर येते.

येथे अनेकांना एक शंका येते. आपण प्रमाणांची वजाबाकी करीत आहोत, मग त्रुटींची बेरीज का? कारण असे की पहिल्या नमुन्याची चूक वर गेली म्हणून दुसऱ्याची चूकही वर जाईल असा काही करार नाही. एक वर आणि दुसरी खाली गेली तर अंतर आणखी वाढते. दोन्ही नमुने परस्परांपासून स्वतंत्र असल्याने अनिश्चितता दोन्हीकडून येते आणि ती साठते. मात्र ती सरळ बेरजेने साठत नाही, वर्गांच्या बेरजेने साठते. शाळेतील काटकोन त्रिकोण आठवावा: दोन नमुन्यांच्या त्रुटी या काटकोन करणाऱ्या दोन बाजू, आणि फरकाची त्रुटी हा त्याचा कर्ण. कर्ण प्रत्येक बाजूपेक्षा मोठा असतो, पण दोन्हींच्या बेरजेपेक्षा लहान असतो.

तिसरी: नमुने मोठे होत गेले की १, ४, ६, ४, १ या पायऱ्यांच्या डोंगराचा आकार घंटेसारख्या गुळगुळीत वक्राकडे सरकतो. यालाच प्रसामान्य वितरण म्हणतात. नाण्यांच्या बाबतीत हे द मॉयव्हर या गणितज्ञाने १७३३ मध्ये दाखविले. या वक्राचा उपयोग असा की लक्षावधी प्रकार मांडीत बसावे लागत नाही. मध्यापासून दोन्हीकडे १.९६ मानक त्रुटींच्या आत ९५ टक्के फरक सामावतात, आणि २.५८ च्या आत ९९ टक्के. एवढे आकडे पाठ असले म्हणजे बहुतेक काम भागते. मात्र नमुने इतके मोठे हवेत की प्रत्येक गटात 'होय' आणि 'नाही' या दोन्हींची अपेक्षित संख्या निदान पाच, शक्यतो दहा असावी. रोग दुर्मीळ असेल तर ही अट फार महागात पडते, हे लवकरच दिसेल.

पुन्हा साल्क लसीकडे

आता चिकित्सक वाचकाला उत्तर देता येईल. त्याचे म्हणणे असे होते की लस निरुपयोगी आहे. म्हणजे दोन्ही गटांत रोगाचे मूळ प्रमाण एकच आहे. यास शून्य परिकल्पना म्हणतात. आपण ती वादापुरती मान्य करू. तसे असेल तर दोन्ही गट एकत्र करून त्या एकाच प्रमाणाचा अंदाज घ्यावा: ४,०१,९७४ मुलांत १९९ रुग्ण, म्हणजे लाखामागे सुमारे ४९.५. हे प्रमाण सूत्रात दोन्ही ठिकाणी घातले की फरकाची मानक त्रुटी लाखामागे ७.० येते.

प्रत्यक्ष फरक किती? लाखामागे ७०.६ वजा २८.४, म्हणजे ४२.२. भागाकार करता हा फरक सहा मानक त्रुटींइतका भरतो. लस निरुपयोगी असताना नुसत्या योगायोगाने एवढे अंतर कोणत्याही बाजूला पडण्याची संभाव्यता, प्रसामान्य वक्राच्या हिशेबाने, अंदाजे ५० कोटींत एक आहे. चिकित्सक वाचकाने आता आपला आक्षेप मागे घ्यावा, हे बरे!

केवळ 'फरक आहे' म्हणून थांबू नये. तो किती आहे याचाही अंदाज द्यावा. त्या वेळी दोन्ही प्रमाणे वेगवेगळी धरावी लागतात. लसीच्या गटाची त्रुटी ३.८ व दुसऱ्या गटाची ५.९, त्रिकोणाचा कर्ण पुन्हा सुमारे ७.०. म्हणून खरा फरक ९५ टक्के विश्वासाने लाखामागे २८ ते ५६ रुग्ण यांच्या दरम्यान आहे असे म्हणता येते. नुसते पक्षाघात झालेले रुग्ण पाहिले तर लसीच्या गटात ३३ व दुसऱ्या गटात ११५ होते. हे ११५ आकडे म्हणजे ११५ मुले होती, हे लिहिताना विसरता येत नाही. त्यांच्या दुःखाला अर्थ यावयाचा असेल तर प्रयोगाचे उत्तर निःसंदिग्ध असणे आवश्यक होते. संदिग्ध उत्तर आले असते तर सारे पुन्हा करावे लागले असते, आणि दरम्यान आणखी एक उन्हाळा गेला असता.

येथेच चार लाख मुले कशाला हवी होती, याचेही उत्तर मिळते. समजा, प्रयोग एकदशांश आकाराचा, म्हणजे २०-२० हजारांच्या दोन गटांवर केला असता. लसीचा गुण तेवढाच असता तर एका गटात सुमारे ६ व दुसऱ्यात १४ रुग्ण दिसले असते. फरक लाखामागे ४०. पण मानक त्रुटी २२ च्या वर. भागाकार १.८ येतो, तो १.९६ च्या आत. म्हणजे उत्तम लस हाती असूनही 'हा योगायोग असू शकेल' असेच म्हणावे लागले असते. आणि हजार-हजार मुलांचे गट घेतले असते तर बहुधा एखादाच रुग्ण दिसला असता किंवा एकही दिसला नसता. नमुना दहापट केल्याने त्रुटी दहापटीने कमी होत नाही, दहाच्या वर्गमूळाने, म्हणजे सुमारे सव्वातीन पटीनेच कमी होते. अचूकपणा असा महाग असतो.

याचा अर्थ लहान नमुने नेहमीच व्यर्थ, असा मात्र नाही. शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी १८७० साली ग्लासगो येथील आपल्या अवयवच्छेदनाच्या शस्त्रक्रियांचे आकडे प्रसिद्ध केले. जंतुनाशक पद्धतीपूर्वी ३५ रुग्णांपैकी १६ मरण पावले होते. त्या पद्धतीनंतर ४० पैकी ६. एकूण रुग्ण अवघे ७५. पण ४६ टक्के व १५ टक्के यांतील अंतर इतके मोठे की ते जवळजवळ तीन मानक त्रुटी भरते. रोग दुर्मीळ असला व फरक बारीक असला की मोठे नमुने लागतात; फरक ढळढळीत असला की थोडक्यातही भागते. परंतु लिस्टर यांचे दोन्ही गट एका काळातले नव्हते. आधी आणि नंतर या दोन काळांत आणखीही काही बदलले असू शकते. या त्रुटीवर कोणतेही सूत्र इलाज करू शकत नाही, आणि आता वळावयाचे ते नेमके याच मुद्द्याकडे.

सूत्र जे सांगत नाही

साल्क प्रयोगात एक तिसरा गटही होता, आणि माझ्या मते सर्वांत मोठा धडा त्यातच आहे. ज्या भागांत योगायोगाने गट पाडले तेथे सुमारे ३ लाख ४० हजार मुले अशी होती की त्यांना काहीच टोचले गेले नाही. मुख्यतः ज्यांच्या पालकांनी संमती दिली नाही, अशी ही मुले होती. त्यांच्यातील पोलिओचे प्रमाण लाखामागे ४६ होते.

आता हा आकडा नुसता द्रव टोचलेल्या गटाच्या ७१ शी ताडून पाहावा. लस याही गटाला मिळाली नाही, त्याही गटाला नाही. तरीही फरक लाखामागे सुमारे २५, मानक त्रुटी ७, भागाकार ३.५! सूत्राच्या भाषेत हा फरकही 'सार्थ' आहे. योगायोगाने तो दोन हजारांत एखादे वेळीच पडेल. मग नुसता द्रव टोचल्याने पोलिओ वाढतो असे म्हणावयाचे काय? अर्थातच नाही.

याचे स्पष्टीकरण गणितात नाही, समाजात आहे. संमती देणारे पालक तुलनेने सुस्थितीतील व शिकलेले होते. गरिबीत व दाटीत वाढणाऱ्या मुलांना पोलिओच्या विषाणूचा संसर्ग बहुधा अगदी तान्हेपणीच होई. त्या वयात आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती अंगात असते, त्यामुळे आजार सौम्य जाई आणि पुढे कायमचे संरक्षण मिळे. स्वच्छ, सुखवस्तू घरांतील मुलांना हा संसर्ग उशिरा होई आणि तोच घातक ठरे. म्हणजे ज्या घरांतून संमती आली, त्याच घरांतील मुलांना धोका अधिक होता. दोन्ही गट मुळातच निराळ्या समष्टींतून आलेले होते.

आता नुसते लक्ष ठेवण्याच्या पद्धतीतील दोष ध्यानात येईल. तेथे दुसरीतील संमती मिळालेल्या, म्हणजे अधिक धोक्यातील, मुलांची तुलना पहिली-तिसरीतील संमती देणाऱ्या व न देणाऱ्या सर्व मुलांशी केली गेली. तेथील आकडे लाखामागे २५ व ५४ असे आले. अंतर २९ चेच दिसले, ४२ चे नाही. दयाबुद्धीने निवडलेल्या पद्धतीने लसीचा गुणच कमी दाखविला. नाणे उडवून गट पाडणे निर्दय वाटले होते. पण दोन्ही गटांत श्रीमंत-गरीब, सशक्त-अशक्त, शहरी-खेडवळ अशी सर्व मुले सारखी वाटली जाण्याची हमी केवळ त्या नाण्याजवळ होती.

सारांश, मानक त्रुटीचे सूत्र एवढेच सांगते की हा फरक योगायोगाचा असणे कितपत संभवते. तो कशामुळे पडला हे ते सांगत नाही. ते उत्तर गट कसे पाडले यात असते. शिवाय जी समष्टी नमुन्यात आलीच नाही, तिच्याविषयी नमुना मुका असतो. १९५५ साली प्रयोगाच्या यशानंतर घाईने मोठ्या प्रमाणावर लस तयार होऊ लागली, तेव्हा काही साठ्यांत विषाणू पूर्णपणे निष्क्रिय झालेले नव्हते आणि त्या लसीनेच काही मुलांना पोलिओ झाला. प्रयोगातील गणित चुकीचे नव्हते. ते प्रयोगातील कुप्यांविषयी होते, नंतरच्या साठ्यांविषयी नव्हते.

आपल्या ग्रंथालयात

आता आरंभीच्या वादविवादाचा निकाल लावू. ५० पैकी ३० आणि ५० पैकी २४. एकत्रित प्रमाण ५४ टक्के. मानक त्रुटी जवळजवळ १० टक्के. फरक १२ टक्के. भागाकार अवघा १.२. काहीही फरक नसताना एवढे अंतर चार-पाच वेळांतून एकदा सहज पडेल. तेव्हा वक्तीने थोडे थांबावे. मात्र "दोघांत फरक नाही हे सिद्ध झाले!" असे म्हणून प्रतिपक्षानेही उड्या मारू नयेत. पुरावा अपुरा आहे, एवढेच काय ते म्हणता येते. २०-२० हजार मुलांच्या काल्पनिक प्रयोगात चांगली लसही अशीच 'असिद्ध' राहिली असती, हे विसरता कामा नये.

याशिवाय आणखी एक प्रश्न विचारावयास हवा. हे ५० आणि ५० जण निवडले कसे? ग्रंथालयाच्या दारात उभे राहून विचारले असेल, तर सूत्र बाहेर काढण्याचीही गरज नाही. कागद फाडून टाकावा आणि हजेरीपटावरून योगायोगाने नावे काढून पुन्हा आरंभ करावा. आम्ही विद्यार्थी प्रकल्पासाठी पाहण्या करतो तेव्हा ओळखीच्यांना, वाटेत भेटणाऱ्यांना आणि नकार न देणाऱ्यांनाच विचारतो. मग त्या आकड्यांवर मोठ्या ऐटीने सार्थकतेची कसोटी लावतो. संमती देणाऱ्या व न देणाऱ्या पालकांची मुले किती निराळी निघाली, हे पाहिल्यावर निदान यापुढे तरी आपल्याला थोडा संकोच वाटावा.

साल्क यांच्या लसीची ही गोष्ट आपल्यापासून दूरची नाही. आपल्या देशात १९९५ पासून 'पल्स पोलिओ'च्या रविवारी तोंडाने द्यावयाचे थेंब गावोगावी पाजले गेले. भारतातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. साल्क यांच्या लसीच्या वंशातील टोचण्याची लसही २०१५ पासून आपल्या नित्य लसीकरणात आली. आमच्या पिढीने पोलिओने लुळा झालेला वर्गमित्र बहुधा पाहिलेला नाही; आमच्या आईवडिलांच्या पिढीने तो पाहिला आहे.

या यशामागे कार्यकर्त्यांचे कष्ट आहेत, शास्त्रज्ञांची बुद्धी आहे आणि आपल्याला काय टोचले गेले हे ठाऊक नसतानाही दंड पुढे करणाऱ्या त्या लाखो बालकांचा वाटा आहे. त्यांच्या बाबतीत कोणी म्हटले नाही की एक आकडा मोठा आहे, दुसरा लहान आहे, झाले. आधी योगायोगाने गट पाडले, मग मोजले, मग अंतर नशिबाच्या मापाने मोजून पाहिले. पुढील वेळी दोन टक्केवाऱ्या शेजारी दिसल्या, तर आपणही टाळी वाजविण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: ही माणसे कशी निवडली? आणि एवढे अंतर आपोआप किती वेळा पडते?